माडीवरून ऐकू येणारी प्रार्थना

देवाशी इतक्या मोठ्या आवाजात बोलणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. आमच्या सासरी देवाधर्माचं सगळं मुकाट्यानं चाले. सासरे, म्हणजे आप्पा, अंघोळ करून तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसले की घरातली मांजरसुद्धा दबकत जायची. आणि आमच्या डोक्यावर, माडीवर राहणारे हे काका दिवेलागणीला गुडघे टेकत आणि अशी हाक मारत की वाटावं, देव गंजगोलाईच्या बाजारापलीकडं एसटीत चढतोय आणि त्याला कसंही करून थांबवायचंय.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. उस्मानाबादपासून वेगळं निघाल्याचे फटाके वाजून गेले होते आणि आता कचेऱ्यांना जागा आणि साहेबलोकांना खोल्या शोधायचं काम चाललं होतं. मी उदगीरहून लग्न होऊन आले त्याच साली आमच्या माडीवर हे बिऱ्हाड आलं. काका नकाशे काढणाऱ्या खात्यात होते. वसईकडचे, कॅथलिक. पन्नाशीकडं झुकलेले, अंगानं काटकुळे, कान मात्र मोठे. सोबत त्यांची बायको, मूलबाळ नव्हतं. सामान म्हणजे दोन ट्रंका, नकाशाची फळी आणि एक लाकडी क्रूस. ट्रंका एसटीच्या टपावर टाकल्या होत्या, क्रूस मात्र काकांनी सगळ्या प्रवासात मांडीवर धरून आणला होता.

आप्पांनी किल्ली देण्याआधी साफ सांगितलं, "साहेब, आमचं घर लिंगायताचं. वर मटण-मासळी शिजायची न्हाई."

"शुक्रवारी तर आम्हीही खात नाही," काका उत्साहानं म्हणाले.

"आन बाकीच्या दिवशी?"

 काकांच्या बायकोनं, ज्यांना मी पहिल्या दिवसापासून मावशी म्हणत आले, खिडकीतून बाहेरच्या उन्हाकडं पाहिलं. "समुद्र कुठं आहे इथं?" त्या म्हणाल्या. "राहू दे. वरणभात खाऊ आम्ही." आप्पांनी किल्ली दिली.

संध्याकाळी दोघं मिळून माळेचा जप करीत. त्यातलं 'नमो मरिया' माझ्या कानात इतकं बसलं की भाकरी थापताना माझा हात त्या तालावर पडायचा. जप संपला की काकांचं खरं काम सुरू होई. गल्लीतल्या एकेका माणसाचं नाव घेऊन ते देवापुढं त्याचं गाऱ्हाणं मांडत. हे मनातल्या मनात करणं त्यांना मंजूर नव्हतं. "बाय, मनातली प्रार्थना आपल्यापुरती राहते," ते मला म्हणत. "ज्याच्यासाठी करतो त्याला कळायला नको, कुणीतरी आपलं नाव घेतंय म्हणून?" त्याला एकट्याला कळलं असतं तर ठीक होतं. पण माडीची खिडकी गल्लीवर होती. कोपऱ्यावरच्या सोनाराचा जावई नोकरी सोडून सासरी येऊन बसला होता आणि सोनारीणबाई तो पाहुणा आलाय असं सांगत होत्या. काकांनी एका संध्याकाळी त्या पोराला काम मिळावं म्हणून अशी कळकळीची विनवणी केली, की सकाळी सोनारीणबाई आमच्या दारात उभ्या. आणि एकदा तर आप्पांचीच पाळी आली. "आमचे घरमालक, प्रभू, सोन्यासारखे आहेत. फक्त त्यांचा राग तेवढा कमी कर." आप्पा खाली जेवत होते. घास हातातच राहिला. सासूबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. आप्पांनी छताकडं बघत मला विचारलं, "मला काय राग येतो व्हय?" आणि ताट ढकलून उठले.

समोरच्या घरात एक शाळामास्तर राहत, त्यांना सगळी गल्ली गुरुजी म्हणे. ते बौद्ध. म्हातारी आई आणि ते असे दोघंच. गुरुजींना मूळव्याध होती आणि काका तिच्यासाठी रोज, नाव घेऊन, प्रार्थना करीत. शेवटी गुरुजी माडी चढून आले.

"साहेब, माझ्या वडलांनी दीक्षा घेतली तवाच आमच्या घरानं देव सोडला."

"तुम्ही सोडलात, गुरुजी. त्यानं तुम्हाला सोडलेलं नाही."

"बरं, ऱ्हाऊ द्या. पण माझं दुखणं तरी गल्लीत सांगू नका. पोरं वर्गात हसून राहिलीत."

काकांना फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून ते म्हणू लागले, "आणि प्रभू, गुरुजींच्या त्या दुखण्यासाठी." त्यामुळं झालं असं, की ज्यांना मूळव्याध माहीत नव्हती तेही गुरुजींना गाठून काळजीनं विचारू लागले, कुठलं दुखणं म्हणून. गुरुजींनी हात टेकले. पण तेव्हापासून रविवारी सकाळी दोघं आमच्या ओट्यावर बसायला लागले. देव आहे की नाही यावर वाद घालायचे, आणि वाद कुठंच गेला नाही की समाधानानं घरी जायचे.

हळूहळू गल्लीची तक्रार मावळली आणि उलटच झालं. बायका येता-जाता खालूनच सांगून जात, "साहेब, आज धाकटीचं नाव घ्या, परीक्षा हाय." सासूबाईंची कपाटाची किल्ली हरवली तेव्हा काकांनी त्यांना सांगितलं, की हरवलेल्या वस्तू शोधून देणारे अंतोनी नावाचे एक संत आहेत. किल्ली पिठाच्या डब्यात सापडली. त्यानंतर सासूबाईंनी त्या संताला घरच्या गड्यासारखं कामाला लावलं. चिमटा दिसेना, चष्मा दिसेना, की जिन्याखाली उभ्या राहून हाक, "साहेब, तुमच्या अंतोनीला सांगा हो जरा." काका एकदाही हसले नाहीत. हातातलं काम ठेवून खरोखर सांगत.

लातुरात तेव्हा कॅथलिक घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. फादर महिन्यातून कधीतरी बाहेरगावाहून एसटीनं येत आणि कुणाच्या तरी घरी मिस्सा, म्हणजे त्यांची सामुदायिक उपासना, होई. त्यांच्या उपासाच्या काळाच्या पहिल्या दिवशी कपाळाला राख लावून घ्यायची असते. काका त्यासाठी रजा काढून नांदेडला जाऊन आले, आणि सगळ्या रस्ताभर घामानं ती राख ओघळू नये म्हणून मान न हलवता बसले. घरी आले तेव्हा आप्पा ओट्यावर, कपाळावर भस्माचे पट्टे. आप्पांनी काकांचं कपाळ नीट न्याहाळलं आणि मोठ्या समाधानानं म्हणाले, "साहेब, आलाव म्हणा आमच्यात." काकांनी समजावून सांगितलं, की माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार आहे, त्याची ही आठवण. आप्पा म्हणाले, "मंग आमची तरी दुसरी कशाची हाय?"

कचेरीतही त्यांचं हेच. नव्या जिल्ह्याचे नवे नकाशे काढायचे होते. काका एकेका गावाचं नाव लिहिण्याआधी लेखणी खाली ठेवत आणि डोळे मिटत. वरच्या साहेबांनी हटकलं तर म्हणाले, "नावाखाली माणसं राहतात, साहेब." एकदा शिरूर अनंतपाळकडचा एक शेतकरी हद्दीच्या कामासाठी कचेरीत आला होता. शिपायानं त्याला कौतुकानं सांगितलं, की या साहेबांनी तुमच्या गावासाठी देवाला साकडं घातलंय. तो माणूस थकलेला होता. "मंग पाऊस कुठं हाय?" एवढंच तो म्हणाला. काकांनी त्याला चहा पाजला, पण ते वाक्य घेऊनच ते घरी आले. त्या संध्याकाळी त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही मोठा होता.

पाऊस कुठंच नव्हता. मागच्या वर्षीही हुलकावणी देऊन गेला होता, आणि या वर्षी उन्हाळा लागायच्या आधीच नळ कोरडे झाले. बाजारात धान्याची पोती येईनात, आडतीवर माणसं माशा मारत बसली. गल्लीत टँकर यायचा तेव्हा जे व्हायचं ते सांगायला नको. शेजारणी शेजारणींना ओळख देत नसत. काका कचेरीत उशिरा जाण्याची परवानगी काढून स्वतः रांगेत उभे राहत, मावशींना पाठवत नसत. पण रांगेत त्यांच्या मागं कुणी म्हातारी आली, कडेवर लेकरू घेतलेली बाई आली, की काका बाजूला होत. "तुम्ही घ्या, मी थांबतो." अशी रांग संपायची नाही, टँकर संपायचा. काका रिकामी कळशी घेऊन जिना चढत, आणि चेहऱ्यावर असा आनंद, जणू भरून आणलीय. मावशींचा आवाज आम्हाला खाली ऐकू येई. त्यांचा आवाज काही मोठा नव्हता, घरातली शांतता मोठी असायची. "तुम्ही जगाला पाणी द्या," त्या म्हणत. "भात शिजवायपुरतं तेवढं माझ्यासाठी आणा. एवढंच मागते मी."

आमच्या पाण्यातलं थोडं आम्ही देत होतो, पण आमचंच भागत नव्हतं. मग मावशी मागच्या आळीतल्या जुन्या विहिरीवर जाऊ लागल्या. त्या विहिरीचं पाणी धुण्याला वापरत, प्यायला कुणी नेत नसे. त्या उकळून घेत. रॉकेल मिळालं नाही तर फडक्यानं गाळून घेत. वैशाखात गल्लीत उलट्या-जुलाबाची साथ आली. घरोघरी कुणी ना कुणी पडलं. गुरुजींच्या आईला दवाखान्यात न्यावं लागलं, आमची नणंद आठवडाभर अंथरुणाला होती. ती उठली, गुरुजींची आईही उठली. मावशी उठल्या नाहीत.

दवाखान्यात शेवटच्या सकाळी मी त्यांच्याजवळ होते. सलाईन चालू होतं, ओठ सुकले होते. काका कॉटच्या पायथ्याशी गुडघे टेकून होते. वॉर्डात इतकी माणसं होती की पाय ठेवायला जागा नव्हती, लोक काकांना ओलांडून जात. मावशींनी त्यांना खुणेनं जवळ बोलावलं. "मला इथं ठेवू नका हं," त्या म्हणाल्या. "आईच्या शेजारी, चर्चच्या अंगणात." काकांनी मान डोलावली. दुपारी त्या गेल्या.

वसई कुठं आणि लातूर कुठं. त्या उन्हात, त्या रस्त्यांनी, तो देह तिथवर पोचणार नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, कचेरीतल्या लोकांनी सांगितलं. काका ऐकत होते आणि प्रत्येकाला म्हणत होते, "पण मी तिला हो म्हटलंय." लातुरात कॅथलिक माणसांची दफनभूमी नव्हती. फादरना निरोप गेला होता, पण ते दुसऱ्या दिवशीच्या आत येऊ शकत नव्हते. मावशींना माडीवर आणलं होतं, काका त्यांच्या उशाशी बसून होते आणि पुढं काय करायचं हे कुणालाच सुचत नव्हतं. तेव्हा आप्पा माडीवर आले. जिना चढताना त्यांचे गुडघे दुखत, म्हणून ते कधी वर येत नसत.

"साहेब," ते म्हणाले, "आमच्यात बी मातीच देतात. रेणापूरच्या रस्त्याला आपलं शेत हाय. माझे वडील तिथंच हायत, आई बी हाय. जागा लई हाय."

 काका उठले आणि आप्पांच्या पाया पडायला वाकले. आप्पांनी त्यांना अर्ध्यातच धरलं.

पेटी गल्लीतल्या सुतारानं केली. खड्डा आमच्या शेतावरच्या गड्यानं आणि गुरुजींनी खणला. वरची काळी माती भेगाळून दगडासारखी झाली होती, पहार आदळली की ठिणगी उडे. गुरुजींच्या हातांना फोड आले. गड्यानं आजवर आमच्याच लोकांच्या समाध्या खणल्या होत्या आणि आमच्याकडं माणसाला बसवून माती देतात. त्यामुळं तो खड्ड्यातून वर बघत काकांना अगदी साधेपणानं म्हणाला, "साहेब, बाईला बसवायचं का निजवायचं?"

"निजवायचं," काका म्हणाले. "लई दमली होती ती." आमची बोली त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

फादर नव्हते म्हणून प्रार्थना काकांनीच वाचली. पुस्तक हातात होतं, ओठ हलत होते. पण शेजारी उभ्या असलेल्या मलासुद्धा शब्द ऐकू आले नाहीत. फादर दुसऱ्या दिवशी आले, त्यांनी माती मंतरली, काकांच्या खांद्यावर हात ठेवून पुष्कळ वेळ उभे राहिले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

त्यानंतर माडी गप्प झाली. काका वेळेवर कचेरीत जात, वेळेवर येत, विचारलं तेवढंच बोलत. दिवेलागणीला आम्ही सगळे नकळत कान देत असू आणि वरून काही येत नसे. एवढे दिवस त्या आवाजाला नावं ठेवणारी गल्ली आता बेचैन झाली. सोनारीणबाई विचारून गेल्या. आप्पा जेवताना छताकडं बघत आणि कमी जेवत. शेवटी एका संध्याकाळी गुरुजी वर गेले. मी काकांसाठी भाकरी घेऊन गेले होते, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

काका खाटेवर बसले होते. गुरुजी खाली सतरंजीवर बसले. काकाच आधी म्हणाले, "मी नंबर सोडत होतो म्हणून ती त्या विहिरीवर गेली, गुरुजी. मला वाटायचं, हे मी देवासाठी करतोय. आता कळत नाही. देवासाठी होतं, की लोकांनी मला चांगला म्हणावं म्हणून होतं?"

"ते मला बी सांगता यायचं न्हाई," गुरुजी म्हणाले. "पण माझी आई टँकरचंच पाणी पीत होती. ती बी पडली. कुठल्या पाण्यानं काय झालं ते कुणाला ठाव?"

"तुमची आई उठली."

"हाव. उठली." गुरुजींनी मान खाली घातली. "तुम्ही ज्यांना नंबर दिला त्यांच्यात ती बी होती, साहेब."

काकांनी क्रूसाकडं पाहिलं.

"मी देवाचं काही सांगू शकत न्हाई," गुरुजी म्हणाले. "तुमचा देव, तुम्ही त्याला विचारा. रागवायचं तर रागवा त्याच्यावर. मी इथं बसतो."

काका हळूहळू खाटेवरून उतरले आणि गुडघे टेकले. गुरुजी मांडी घालून तसेच बसून राहिले. काकांनी मावशींचं नाव घेतलं. त्यापुढं त्यांना काही म्हणता येईना. ते पुन्हा तेच नाव घेत, पुन्हा तिथंच अडत. मी भाकरी झाकून ठेवली आणि खाली आले.

पुढं प्रार्थना सुरू झाली, पण तो आवाज परत आला नाही. खिडकीशी उभं राहिलं तर पुटपुटल्यासारखं ऐकू येई. कुणाचं नाव घेतलं आणि कुणाचं नाही ते कळायला मार्ग नव्हता. पुढच्या उन्हाळ्यातही टँकर आलाच. काका रांगेत उभे राहिले आणि या वेळी कुणालाही पुढं जाऊ दिलं नाही. एका म्हातारीनं विनवलं तरी हलले नाहीत. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. काकांनी आपली कळशी काठोकाठ भरून घेतली आणि त्या म्हातारीला म्हणाले, "चला, तुमचं घर दाखवा." ज्या घरात आजारी माणूस असे तिथं ती कळशी जाई. घरी ते एक तांब्या आणत. एकट्याला तेवढं पुरे, म्हणत.

वर्षभरानं त्यांची बदली निघाली, थेट घराकडची. वर्षानुवर्षं त्यासाठी अर्ज केले होते. काकांनी ती नाकारली. कचेरीत कुणाला काही समजेना. ते दर रविवारी सायकलवरून आमच्या शेतात जात, तिथं जप करीत आणि उन्हं चढायच्या आत परत येत. फादर आले की एखादी मिस्सा शेतातच होई. आप्पा कपाळावर भस्म लावून बांधावर बसून राहत. त्यातलं त्यांना एक अक्षर कळत नसे, पण संपेपर्यंत उठत नसत.

काका निवृत्त झाले तरी माडीवरच राहिले. आप्पा गेले तेव्हा त्यांनी खांदा दिला. मग त्यांचेच पाय सुजू लागले, जिना होईना, सायकल सुटली. एक दिवस वसईहून पुतण्या गाडी घेऊन आला. काकांची जायची इच्छा नव्हती. पण एकट्यानं राहण्यासारखी अवस्था उरली नव्हती, हे त्यांनाही दिसत होतं. निघताना त्यांनी गाडी आधी शेताकडं घ्यायला लावली. मी बरोबर होते. ते खाली उतरले नाहीत, उतरणं शक्यच नव्हतं. काच खाली करून बघत राहिले, मग पुतण्याला म्हणाले, "चल."

दोन पावसाळ्यांनंतर पुतण्याचा फोन आला. काका गेले. चर्चच्या अंगणात जागा मिळाली, त्यानं सांगितलं, काकींच्या आईच्या जवळच. मावशींनी मागितलेली जागा ती.  मग त्यानं चाचरत विचारलं, काकींना तिकडं नेता येईल का? नुसती हाडं असतील, परवानग्या लागतील, पण नेता येईल का? मी म्हटलं, "तुमचंच माणूस आहे. कधीही या."

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तो आला नाही. परवानग्यांचं अवघड असेल, किंवा त्याच्या मागं त्याचा संसार असेल. मावशींना जिथं जायचं होतं तिथं काका आहेत, आणि ज्या मातीपासून काकांना हलायचं नव्हतं तिथं मावशी एकट्या आहेत. त्यांना नेलं पाहिजे, हे मला कळतं. पण खरं सांगायचं तर कधीकधी वाटतं, त्यानं न आलेलंच बरं. आमच्या शेतात आता सोयाबीन असतं. दरवर्षी वाट्यानं कसायला नवा बटईदार येतो, आणि पेरणीच्या दिवशी बांधावर उभं राहून मला त्याला सांगावं लागतं, की तेवढी जागा सोडून फिर. तो विचारतो, "कोण हाय तिथं?" मी सांगते, "आमच्या माडीवरच्या मावशी."